भिंतीएवढा हशा

भिंतोबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कुठली आई पोटच्या पोराला भिंतोबा म्हणेल? हे नाव त्याला नाटकमंडळीने दिलं, आणि त्याने ते छातीवर बिल्ला लावावा तसं मिरवलं. आठवडाभर तो बूट-चपलांच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या पायाशी बसायचा, आणि शनिवारी-रविवारी संध्याकाळी तोंडाला रंग फासून त्याच गिऱ्हाइकांपुढे नाचायचा. "आठवडाभर मी यांचे पाय धरतो, शनिवारी हे माझ्यापुढे दात काढतात. फिटंफाट," असं तो म्हणायचा.

बायको म्हणायची, "या विनोदावर स्टूलसुद्धा हलणार नाही."

आता हे स्टूल कुठून आलं ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं पाण्यात.

त्यांचं नाट्यगृह म्हणजे फर्निचरच्या गोदामाचा वरचा मजला. जिना चढेपर्यंत पॉलिशच्या वासाने प्रेक्षक अर्धे झिंगलेले असत, आणि मंडळीच्या विनोदांना ते बरंच होतं. मंच एवढासा, की नायक-नायिकेने मिठी मारली तर बापाने विंगेत जाऊन रागवावं. संगीत म्हणजे एक म्हातारा पियानो. त्याच्या काही पट्ट्या कायमच्या मुक्या झालेल्या. मंडळीच्या मालकीणबाई पडद्याबाहेर, मंचाच्या कडेला बसून तो वाजवायच्या आणि मुक्या पट्टीची वेळ आली की तेवढा सूर स्वतःच्या तोंडाने लावायच्या, इतक्या बेमालूम, की नवख्याला वाटावं पियानोत कुणी बाई कोंडली आहे. नाटकं लिहायच्या त्याच, बसवायच्या त्याच, आणि ओरडायच्याही त्याच.

मंडळीची इस्टेट म्हणाल तर एक भिंत. लाकडी, उंच, एका गोल फळीवर उभी केलेली, खाली चाकं. एका अंगाला दिवाणखाना रंगवलेला, त्याला टेकून एक कपाट; दुसऱ्या अंगाला बाग, तिथे चढता येईल असं लाकडी झाड. प्रसंग बदलायचा झाला की मधला पडदा ओढायचा, पडद्यापुढे कुणीतरी गाणं म्हणायचं, आणि पडद्यामागे दोघांनी भिंत ढकलून दिवाणखान्याची बाग करायची. पडद्याने डोळ्यांची सोय झाली, पण कानांचं काय? भिंतीचं एक चाक असं किंचाळायचं, की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीने त्याला गुरू करावं. ते किंचाळणं प्रेक्षकांच्या कानावर गेलं तर नाटकाची अब्रू जायची. म्हणून मंडळीत एक नियम पडला होता: हशा पडला की ढकला, हशा थांबला की थांबा. चाकाचं रडणं हशात बुडवायचं.

त्यामुळे या मंडळीत हशा वेळेवर नाही, सामानावर मोजत. फुसका असेल तर स्टूल. जरा बरा असेल तर खुर्ची. मग टेबल, मग कपाट, आणि सगळ्यात मोठा, सगळ्यांनी पोट धरून हसावं असा, भिंत. नाटकाच्या वहीत वाक्यांच्या शेजारी 'इथे खुर्ची', 'इथे कपाट' असं लिहिलेलं असे. प्रयोग संपला की नट एकमेकांना विचारत, "तुझं टेबल आज हललं का रे?" जिन्यावर भेटलेल्या परक्या माणसाला वाटे, हे सगळे हमाल आहेत.

कपाटापर्यंत कसंही भागायचं. अडायचं ते भिंतीपाशी. कधीकधी हशा अर्ध्यातच विझायचा, नियमाप्रमाणे ढकलणारे थांबायचे, आणि पडदा उघडला की प्रेक्षकांपुढे भिंतीची नुसती कड. ना दिवाणखाना ना बाग. मग नायकाने एक पाय गवतात आणि एक पाय गालिच्यावर ठेवून प्रेमाची कबुली द्यायची.

अशाच एका संध्याकाळी दुकानातून नायिकेचे दुरुस्त केलेले बूट पोचवायला एक लाजाळू, लांब हातांचा माणूस मागच्या जिन्याने आला. दार ढकललं तर तो थेट पडद्यापुढे, मंचावर. तिथे नायक एकटा उभा राहून गाण्याचं तेच कडवं फिरून फिरून गात होता, कारण हशा पडत नव्हता आणि भिंत अडली होती. आलेल्या माणसाने प्रेक्षक पाहिलेच नाहीत. त्याची नजर सवयीने गेली नायकाच्या पायांकडे. त्याने खोकी खाली ठेवली, गुडघ्यावर बसला, नायकाचा बूट अंगठ्याने दाबून पाहिला आणि दुकानातल्या अदबीने म्हणाला, "साहेब, हा तुमच्या मापाचा नाही. बोट दुमडलंय. गाताय म्हणून बरं, चालला असता तर रडला असता."

असा हशा पडला, की भिंत फिरून वर ढकलणाऱ्यांनी घामही पुसला.

मालकीणबाईंनी त्याची कॉलर धरली. "उद्या परत या."

"बदलून पाहिजेत का बूट?"

"बूट गेले खड्ड्यात. तुम्ही या."

तो आला आणि तिथलाच झाला. त्याच्या आईने कपाळाला हात लावला. "बापाने गिऱ्हाइकांचे पाय धरून घर उभं केलं, आणि हा आता त्यांच्यापुढे माकडचाळे करणार!" पण पहिल्या प्रयोगाला तीच पुढे येऊन बसली आणि शेजारणीला कोपर मारत म्हणाली, "तो वाकडा उभा आहे ना, तो माझा."

नटाचं आयुष्य म्हणजे भूमिका, आणि भिंतोबाच्या भूमिका अशा: विसराळू न्यायाधीश, घोरणारा पहारेकरी, बहिरा शेजारी, आणि एकदा, नटी आजारी पडली म्हणून, नायिकेची मोठी बहीण. पण त्याचं नाव झालं ते तीन मुलींच्या बापाच्या भूमिकेने. नाटक इतकं चाललं, की मालकीणबाईंना दुसरं लिहायला फुरसतच मिळेना. त्यात बापाचं गाणं होतं, पडद्यापुढे, एकट्याचं. कानांवर ओढलेली लोकरीची टोपी, हातात काठी:

तीन लेकी, तीन दारं, तीन जावई दारात,
एकटा बाप मी बापडा, जीव माझा घोरात!
एक म्हणे बाबा मला, एक म्हणे मामा,
तिसऱ्याच्या अंगात बघा माझाच पायजमा!

शेवटच्या कडव्यात काठी हातातून पडायची. ती उचलायला बाप वाकायचा आणि कंबर धरून तसाच अडकायचा. वाकल्या वाकल्या गात राहायचा. इथे वहीत लिहिलेलं होतं: भिंत. आणि भिंत हलायची. प्रयोगामागून प्रयोग, वर्षानुवर्षं. भिंतोबा वाकला की आधी एक खुर्चीएवढी खसखस पिकायची, तेवढ्यात मागचे ढकलायला लागायचे, आणि बघता बघता हशा फुगत फुगत भिंतीएवढा व्हायचा. म्हणून तो भिंतोबा.

तिकिटाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने त्याच्याशी लग्न केलं तेही या वाकण्यापायीच. दाराबाहेर बसून ती रोज हशे मोजायची. तो विचारायला आला तेव्हा म्हणाली, "घरीही असेच वाकून राहणार असाल, तर हो." पुढे तिने त्याचं सगळं ऐकलं, पण त्याच्या विनोदावर समोर कधी हसली नाही. घरात ती नुसतं सामान सांगायची. "स्टूल." फार खूश असली तर, "खुर्ची, पण एक पाय डुगडुगतोय."

असं सगळं मजेत चाललं होतं. मग मेहुणा आला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हाडाचा सुतार. कारखान्यातून निवृत्त झाला आणि 'रिकामा कशाला बसू' म्हणून मंडळीचं सामान सांभाळायला लागला. माणूस गुणी, पण त्याला एक खोड होती. आवाज करणारी वस्तू त्याला बघवत नसे. कुणाकडे पाहुणा गेला तरी निघताना त्यांच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालून यायचा. तेलाची छोटी बुधली कायम खिशात. भिंतीचं चाक त्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा लहान मूल पडल्यासारखा झाला.

"दाजी, एवढी वर्षं तुम्ही या बिचाऱ्याला असं रडवलंत?"

"अहो मेहुणे, त्याच्यासाठी तर आम्ही लोकांना हसवतो."

"म्हणजे एका चाकाला तेल घालायला नको, म्हणून एवढं नाटक?"

खरंतर तेल घालायचं कुणाला सुचलंच नव्हतं. नाटकवाल्यांना कुठलीही अडचण दिसली की ती गाण्याने सोडवावीशी वाटते. मेहुण्याने मात्र आठवड्यात भिंत उपसली, सगळी चाकं नवी घातली, छर्रे बसवले, तेल पाजलं. आता भिंत बोटाने ढकलली तरी फिरत होती, आणि मुंगीलाही पत्ता लागत नव्हता. मालकीणबाईंनी आनंदाने पियानो बडवला. भिंतोबानेही मेहुण्याची पाठ थोपटली. आपण कुऱ्हाडीचीच पाठ थोपटतोय, हे त्याला कुठून कळणार?

शनिवारी प्रयोग. गाणं रंगलं. काठी पडली. भिंतोबा वाकला. खुर्चीएवढी खसखस पिकली. मागे चिरतरुणाने ढकललं. चिरतरुण म्हणजे मंडळीचा नायक, गुडघे दुखायला लागले तरी विशीतला प्रियकर करणारा. भिंत लोण्यासारखी फिरली, आणि हशा... हशा खुर्चीवरच बसला. उठलाच नाही. भिंतोबा वाकून वाट बघत राहिला. कुणीतरी खोकलं. कुणीतरी गोळीचा कागद सोलला, त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. त्याने वाकूनच बायकोला शोधलं, पण ती दाराबाहेर होती.

"होतं असं एखाद्या दिवशी," चिरतरुण म्हणाला.

रविवारी स्टूल हललं. पुढच्या शनिवारी तेही नाही.

मालकीणबाईंनी त्याला पियानोपाशी बोलावलं. "भिंतोबा, राग मानू नका. गाणं होतं भिंतीसाठी. आता भिंत हशावाचून फिरते. मग गाणं कशाला?"

"बाई, गाणं माझं आहे."

"होतं. आता नवीन नाटक घेतेय. त्यात बाप परदेशी असतो. त्याचा फोन येतो. तुम्ही विंगेतून बोला, खुर्चीवर बसून, आरामात."

"आणि तोंड?"

"फोनला तोंड कशाला दिसायला पाहिजे?"

 मंचावर उभा राहणारा माणूस विंगेत बसून 'हॅलो' म्हणणार! "एक संधी द्या," तो म्हणाला. "येत्या शनिवारी भिंत हलवतो. नाही हलली, तर फोन घेतो."

"बरं," मालकीणबाई म्हणाल्या. "शनिवारी ठरवू."

मग त्याने वाकण्याची तालीम धरली. त्याला पक्कं वाटत होतं, की वयामुळे वाकण्यातली कला गेली. सकाळी आरशापुढे वाकला, आरसा संपला. गल्लीत वाकला, तर मागून येणारा सायकलवाला भाजीच्या टोपलीत गेला. स्वयंपाकघरात वाकला, तर बायकोने सरळ त्याच्या पाठीवर धुतलेली पातेली निथळत ठेवली आणि म्हणाली, "तेवढं हलू नका." दुकानात गिऱ्हाईक आलं की तो वाकायचा आणि वर बघून विचारायचा, "कसं वाटतंय?" लोक म्हणायचे, "अंगठ्याला जरा टोचतंय."

बुधवारी दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. नाटकाच्या पक्क्या वारकरी, पहिल्या रांगेतली मधली खुर्ची त्यांची आणि शेजारची त्यांच्या नवऱ्याची. भिंतोबाने त्यांचा पाय स्टुलावर घेतला, बूट चढवायच्या शिंगाने टाच आत सरकवली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे मायेने पाहिलं.

"अभिनंदन हो!"

"कशाबद्दल?"

"कंबर बरी झाली ना तुमची?"

"माझी कंबर? तिला काय झालं होतं?"

"असं काय करता! एवढी वर्षं तुम्ही वाकलात, की कसला आवाज यायचा! किर्रर्र! आमचे हे तर त्या आवाजासाठी यायचे. म्हणायचे, अगं, हा माणूस कंबरेतून आवाज काढतो, काय विद्या आहे! आता गेल्या दोन-तीन वेळा आवाजच नाही. मी ह्यांना म्हटलं, चला, बरा झाला बिचारा. ह्यांचा मात्र हिरमोड झाला. हा बूट जरा घट्ट होतोय, नाही?"

भिंतोबाच्या हातातलं शिंग गळून पडलं. ते उचलायलाही तो वाकला नाही.

तो तसाच घरी आला. मेहुणा चहा पीत बसला होता. बायकोने कप पुढे केला आणि नवऱ्याचं तोंड पाहून मागे घेतला.

"काय झालं हो?"

"मी हसवत नव्हतो गं," तो म्हणाला. "चाक हसवत होतं."

त्याने सगळं सांगितलं. खुर्चीएवढं हसू त्याचं स्वतःचं. ते पडलं की मागचे ढकलायचे, चाक किंचाळायचं, पडद्यापलीकडे चाक आहे हे प्रेक्षकांना ठाऊक नाही, त्यांना दिसायचा एक वाकलेला म्हातारा आणि ऐकू यायचं किर्रर्र. झाली भिंत! ज्या हशाखाली ते चाकाचा आवाज लपवत होते, तो हशा चाकाच्याच आवाजाचा होता. आणि एकाही शहाण्याला हे कळलं नव्हतं. सगळे पडद्यामागे, मालकीणबाईंचे कान पियानोत, आणि जो एकटा पुढे, त्याच्या कानांवर लोकरीची टोपी.

"म्हणजे जन्मभर आयत्या बिळावर नागोबा!" भिंतोबा म्हणाला. "एका गंजक्या चाकाची मिळकत मी खाल्ली. नाव माझं, गाणं त्याचं."

 बायकोचे खांदे हलायला लागले. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू पदराच्या सगळ्या बाजूंनी बाहेर आलं. हसता हसता तिने टेबलाचा आधार घेतला, आणि टेबल खरंच सरकलं.

"हसतेस?"

"माझं लग्न," तिला बोलता येईना, "माझं लग्न चाकाशी झालं हो!"

भिंतोबा फुरंगटला. मग मेहुण्याकडे वळला. "मेहुणे, जुनं चाक कुठंय? शनिवारी परत बसवा."

"ते भंगारात गेलं. आणि असतं तरी बसवलं नसतं."

"का?"

"दाजी, तुम्ही चांगला बसणारा बूट मुद्दाम घट्ट करून द्याल का गिऱ्हाइकाला?"

 भिंतोबाने बायकोपुढचा कप उचलला, ठेवला, आणि एकाएकी तोंड वासून एक आवाज काढला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने छताला झाडूचा दांडा आपटला.

"हे काय होतं?" बायकोने विचारलं.

"चाक."

"कोंबडी होती ती."

त्याने पुन्हा काढला. मेहुण्याने डोळे मिटून, मान कलती करून ऐकला. सारा जन्म आवाज मारण्यात गेलेला माणूस. त्याच्याइतकी आवाजाची पारख कुणाला असणार? "नाही," तो म्हणाला. "हे दार झालं. आणि तेही वरच्या बिजागरीचं. चाक आधी कोरडं असतं, कि-कि-कि असं धरत धरत. मग भार आला की त्याला गंज लागतो. गंज घशातून काढा, दाजी, नाकातून नको."

"किर्र."

"हे खाटेचं झालं."

"किर्रर्रऽ."

"आता गाडी बरोबर आहे, पण बैल तरुण आहे. म्हातारं करा."

शनिवारपर्यंत त्या घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. बायको आतून सांगायची, "स्टूल... स्टूल... खुर्ची..." मेहुण्याला तर त्रास असा, की आवाज जरा बरा जमला की त्याचा हात आपोआप बुधलीकडे जायचा, आणि मग तो हात त्याला मांडीखाली दाबून ठेवावा लागायचा.

शनिवारी बायकोने तिकिटाच्या टेबलावर मेहुण्याला बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आत जाऊन बसली, शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मेहुण्यानेही दार किलकिलं ठेवलं. डॉक्टरीणबाई आणि त्यांचे हे पहिल्या रांगेत होतेच.

भिंतोबा पडद्यापुढे आला.  तीन लेकी झाल्या, पायजमा झाला. काठी पडली. तो वाकला. खुर्चीएवढी खसखस पिकली. मागे चिरतरुण आणि नायिकेने भिंतीला हात घातला. भिंतोबाने श्वास घेतला, कोरड्यावर सुरुवात केली आणि गंजावर आणली.

"कि-कि-किर्रर्रऽऽ!"

"आला!" डॉक्टरीणबाईंचे हे ओरडले. टेबलाएवढा हशा पडला.

पण टेबलच. भिंतोबाच्या लक्षात आलं, की चाकाला जे जमायचं तेवढंच आपल्याला जमलं, आणि तेही जरा कमीच. फोन डोळ्यांपुढे दिसायला लागला. इकडे मालकीणबाई चमकल्या. त्यांना या बेताची काही कल्पना नव्हती. त्यांना वाटलं, पियानोचं पेडल करकरलं. वाजवता वाजवता त्या खाली बघायला वाकल्या.

आणि त्या वाकत असतानाच भिंतोबाने आवाज काढला. बरोबर त्यांच्या कंबरेच्या मापाने. कि-कि-किर्रर्र.

सगळ्या प्रेक्षकांच्या माना पियानोकडे वळल्या. मालकीणबाई दचकून ताठ झाल्या. ताठ होतानाचाही आवाज आला, जरा वरच्या पट्टीतला. कपाट हललं. "भिंतोबा!" त्या दातओठ खात पुटपुटल्या आणि मान वळवली. मानेचा आवाज आला, बारीक, बिजागरीचा. त्यांनी रागाने मुकी पट्टी दाबली, सवयीने तोंडाने सूर लावायला तोंड उघडलं, तर जबड्याचा आवाज आला.

मग जे झालं ते त्या गोदामाने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचे हे खुर्चीवरून घसरले, आणि त्यांना उचलायला डॉक्टरीणबाई वाकल्या, तर त्यांचाही आवाज आला. खाली पॉलिशचे डबे थडथडले. शेवटच्या रांगेत एक बाई पदर तोंडात कोंबून, पाय आपटून हसत होती, आणि भिंतोबाला तो हशा सगळ्या हशांतून वेगळा ऐकू आला. टोपी कानांवर असूनसुद्धा.

पण नियम तो नियम. हशा पडला की ढकला, हशा थांबला की थांबा. पडद्यामागे चिरतरुण आणि नायिका ढकलत होते. बाग आली. हशा थांबेना. दिवाणखाना आला. हशा थांबेना. पुन्हा बाग, पुन्हा दिवाणखाना. नवी चाकं, छर्रे, तेल; भिंत भिंगरीसारखी फिरत होती आणि दोघं तिच्यामागे प्रदक्षिणा घालत होते. "थांबू या का?" "हसतायत ना अजून!" शेवटी हशा दमला, त्यांनी हात सोडला, आणि पडदा उघडला.

दिवाणखाना. पुढचा प्रसंग बागेतला. झाड भिंतीच्या पलीकडच्या अंगाला.

चक्कर आलेला चिरतरुण कमरेला पाणी घालायची झारी लावून मध्येच उभा. त्याला आता झाडावर चढून गायचं होतं. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि देवाचं नाव घेऊन कपाटावर चढला. 'या हिरव्या फांदीवरती' एवढं त्याने म्हटलं मात्र, कपाटाचं दार उघडलं आणि आत लपून बसलेला दुसरा प्रियकर, ज्याने पुढच्या अंकात सापडायचं होतं, तो बाहेर पडला. वरचा म्हणाला, "पिकलं वाटतं." भिंतोबा अजून विंगेपर्यंत पोचलाही नव्हता. तो तिथूनच किर्रर्र करून गेला.

प्रयोग संपल्यावर मालकीणबाई पियानोवर हात टेकून उभ्या होत्या.  भिंतोबाने टोपी काढून हातात धरली.

"माझ्या कंबरेवर हसले लोक," त्या म्हणाल्या.

"हो बाई."

"मानेवर."

"हो."

"जबड्यावर!"

"तो जरा जास्त झाला."

मालकीणबाईंनी मान वळवली. सगळ्यांनी श्वास रोखला. आवाज काही आला नाही, आणि त्यामुळेच त्यांना हसू फुटलं. "फोन राहू दे," त्या म्हणाल्या. "गाणं राहील, आणि मी रोज वाकेन. पण मेहुणेबुवा, त्या तुमच्या भिंतीला ब्रेक लावा. नाहीतर एक दिवस हे लोक तिच्यासकट जिन्यावरून खाली जातील."

घरी जाताना भिंतोबा बायकोच्या बरोबरीने चालत होता. शेवटी त्याला राहवेना.

"किती होतं?"

"काय?"

"हशा. तू आत होतीस ना."

बायकोने विचार केला. "मोजायला सामान पुरलं नाही," ती म्हणाली. मग पटकन, "पण कोंबडी अजून आहे हं मधेमधे."

बुधवारी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. बूट बदलायचे नव्हते. त्यांनी पर्समधून एक बाटली काढून भिंतोबाच्या हातात ठेवली आणि आवाज खाली आणला.

"पुन्हा सुरू झालं ना तुमचं? आणि त्या पियानोवाल्या बाईंनाही लागण झाली. ह्यांच्या कंबरेला या तेलाने गुण आला. दोघं मिळून लावा."

भिंतोबाने बाटली अशी धरली जशी कुणी विषाची धरेल. आभार मानले, त्यांना दारापर्यंत पोचवलं, आणि बाटली उंचावरच्या फळीवर, कुणी कधी मागत नाही त्या मापाच्या बुटांमागे सरकवून ठेवली. मेहुण्याच्या नजरेला पडू नये एवढीच काळजी घेतली.